धोंड्याच्या ताटाआधीची गोळी

नाई नाई, तुमी बसा वं बाई, भेऊ नका — मले झालेलं काही उडून तुमच्या अंगावर येत नाई. हे सलाईन सरलं का मी मोकळी. तुमचा हात लय पोळला काय? तेल उडालं म्हनता — थांबा, फुंकू नका त्याच्यावर. सिस्टरबाई येईन, मलम लावीन, पट्टी बांधीन. आता ते तिकडच्या लेकराले सुई टोचून राह्यली, आयकू येते ना रडनं. तोवर बसा इथंच, माह्या पायापाशी, खाट मोठी हाय आन् मी काही लठ्ठ नाई. आन् पिशवीत इतका पुदिना — पाहुने हायत वाटते घरी. असतीन. मले काय करायचं. तं मी काय सांगत होती — तुमी फक्त इतकंच बोलजा, का काल आष्टीच्या बाजारात आपन दोघींनं गुपचुप खाल्ले, पुन्यावाले ज्याले पानीपुरी म्हनतात ते. बस. तुमी आन् मी, संग संग, ठेल्यापाशी उभ्यानं. आन् तवापासून तुमचंही पोट काही बरं नाई. हे शेवटचं नाई म्हनलं तरी चालते. पन म्हनलं तं बरं होईन.

कोन इचारीन म्हनजे? तो पाहा ना, खिडकीतून दिसते — निळा सदरा, डॉक्टरसंग उभा हाय. मान कशी हालवून राह्यला, जसा दवाखाना त्याच्याच बापाचा हाय. माहा नातजवाई, धनंजय. पुन्याले मोठ्या कंपनीत हाय. पोरगा वाईट नाई वं, मी त्याले वाईट म्हनूनच नाई राह्यली. वाकून नमस्कार करते, स्वतःची थाली स्वतः उचलते, माही सून कमला तं त्याच्यावर इतकी खुश हाय का मले कधी कधी वाटते हिचं लग्न त्याच्यासंगच लागलं. पन खोड एक हाय. ते खोड त्याच्या खिशात राह्यते, डबीत.

सांगते. सिस्टरबाईले वेळ हाय अजून.

आमी तळेगावचे, श्यामजी पंताचं तळेगाव. माही नात अंकिता, तिचं लग्न झालं तेव्हापासून हा पहिला धोंड्याचा महिना. तुमाले तं माहीतच हाय — तीन वर्षांतून एकदा येते, जवाईले बोलवा लागते, पुरनाचे धोंडे तळून, ताटात ठेवून, वर दिवा लावून जवाईपुढं करा लागते. जवाई म्हनजे त्या दिवशी देवाच्याच जागी. आता देव पुन्यावरून येऊन राह्यला म्हनल्यावर मी काय बसून राहीन? कमलाले म्हनलं, तू बाजूले हो, पुरन मी वाटते. डाळ मी निवडली, एकेक दाना डोळ्यापाशी नेऊन. पाट्यावर वाटलं, मिक्सर मले जमत नाई, त्याच्यानं पुरन तापते. माहा पोरगा अंकुश आंबे आनाले आष्टीले आला, त्याले सांगून धाडलं का आंबा हातात घेऊन देठापाशी वास घे, मंग पैसे दे. पाटोडीचा रस्सा केला. कुरडया तळल्या. आन् तुमाले सांगते, माह्या हातचं खाऊन आजवर तळेगावातलं कुत्रं बी ओकलं नाई. आमच्या इकडच्या एका लग्नात — नाव कशाले घ्यायचं — अख्खी पंगत लोटे घेऊन वावराकडं पळाली, तवा ज्याईनं माह्या घरी जेवन केलतं ते दारात उभे राहून पाहत होते, हसत होते. गावातली लोकं अजून सांगतात. मीही सांगते, कोनी इचारलं नाई तरी.

तं ताट वाढलं. पाट मांडला. दिवा लावला. कमला ओवाळाले उभी. कूलर घरघर करून राह्यला, मी म्हनलं बंद करा, दिवा इझते. बंद केला. घाम निथळून राह्यला साऱ्याइले. आन् हा मानूस म्हनते, एक मिनिट हं आई. खिशात हात घातला, अशी गोल पांढरी डबी काढली, त्यातून गोळी काढली, तोंडात टाकली, वरून पानी पेला. आमचं पानी नाई बरं — स्वतःची बाटली. आन् मंग धोंड्याले हात लावला.

मी म्हनलं, डोकं दुखते काय जवाईबापू? तं तो हासून म्हनते, नाही आजी, प्रवासात असलो की घेतो, पोट बिघडू नये म्हणून, आधीच घेतलेली बरी. मंग अंकितानं समजावून सांगलं, जसं लहान लेकराले सांगतात — आजी, हे जंतू मारायचं औषध आहे, गेल्या वर्षी हे कुठं समुद्राकाठी फिराले गेले होते, तिथं पोट असं बिघडलं का दोन दिवस खोलीबाहेर पडले नाही, तवापासून गावाले निघाले का रोज घेतात, यांच्या ऑफिसातले सगळेच घेतात. कोन डॉक्टरनं सांगलं, मी इचारलं. तं म्हनते, डॉक्टरनं नाही, इंटरनेटवर आहे.

प्रवास. आता तुमीच सांगा, सासुरवाडीले येनं म्हनजे काय प्रवास झाला? बायकोचं घर हाय ते, धरमशाळा हाय काय? जंतू मारायचं औषध खाऊन मानूस माह्या ताटावर बसते — म्हनजे माह्या ताटात जंतू हाय, असंच झालं ना त्याचं? नाई, तो तोंडानं म्हनला नाई. त्यानं तं चाटून पुसून खाल्लं, वाटीभर रस मांगून घेतला. पन गोळी आधी आन् धोंडा मंग. देवापुढं नैवद्य ठेवावा आन् देवानं आधी खिशातून चूर्न काढून फाकावं, कसं वाटन?

तरी मी म्हनलं जाऊ दे. परकं लेकरू हाय, त्याले आपली चव नाई, सवय नाई. जवाईचा मले खरंच राग नाई आला वं. पन मंग — मंग अंकितानं हात पुढं केला. त्याच्यापुढं, असा. आन् त्यानं तिच्याही हातावर एक गोळी ठेवली. आन् तिनं खाल्ली. माह्या डोळ्यादेखत. जिचे दात येत होते तवा भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून ह्याच हातानं चारला, जे पोट्टी शाळेतून आली का आईले नाई इचारत, आजी काय केलं म्हनते, आन् चुलीवरचंच तोंडात टाकते — ते.

डोळ्यात कचरा गेला वाटते. ह्या पंख्यानं सारी धूळ खाली येते.

असो. तं दुपारी ते दोघं झोपले कूलरपुढं. सदरा खुटीवर. सदऱ्याच्या खिशात डबी. आता मी चोरी केली असं म्हनसान तं नाई. चोरी म्हनजे घ्यायचं आन् काही ठेवायचं नाई. मी बदली केली. माह्या गुडघ्याच्या गोळ्या हायत ना, हाडाच्या, ह्याच दवाखान्यातून भेटतात, त्याही पांढऱ्या, त्याही लांबट. मी दोन्ही हातावर घेऊन पाह्यल्या — माह्या थोड्या जाड, पन जवाईचं ध्यान कुठं असते, फोनात असते. त्याच्या गोळ्या माह्या पदराच्या गाठीत आन् माह्या त्याच्या डबीत. झाकन लावलं. खिशात ठेवली. सदरा जसा होता तसा. वाकडी बाही बी वाकडीच ठेवली.

हासू नका, सिस्टरबाई पाहीन.

आन् मंग पाहा मजा. सांजच्याले पाटोडी — आधी हाडाची गोळी, मंग पाटोडी. सकाळी रस — आधी हाडाची गोळी, मंग रस. खाऊन राह्यला, खाऊन राह्यला, नवतपाच्या उन्हात कोन इतका रस खाते, आमचा अंकुश खात नाई. आन् काही झालं नाई त्याले. ढेकर सुद्धा गोड. मी मनातल्या मनात इतकी हासली का कमलानं इचारलं, आई, तब्येत बरी हाय ना. पन माहा डाव कुठं फसला पाहा. मले वाटलं होतं, चार दिवस जाऊ द्यायचे, आन् निघायच्या दिवशी सारं घर बसलं असतानी सांगायचं, का जवाईबापू, तुमचं पोट सांभाळलं ते गोळीनं नाई, माह्या हातानं. तं ह्यानं आधीच सुरू केलं. ओट्यावर शेजारचे सदाशिवराव बसले होते, त्याईले डबी दाखवून सांगते — पाहा काका, गावात आलो, तीन-तीन वेळा जेवलो, काही झालं नाही, ही गोळी. आन् सदाशिवराव हातात घेऊन वास घेऊन राह्यले. माह्या गुडघ्याच्या गोळीचा.

त्याच्या गोळ्या? त्याच्या गोळ्या कुठं गेल्या म्हनता? हं. औषध कोनी फेकते काय वं. महागाचं असते.

बरं, सांगते, पन हे तुमच्या-माह्यात. मी खाल्ल्या. मले पाहाचं होतं ना, का त्या गोळीत असं काय हाय जे माह्या हातात नाई. आन् मी इचार केला, तो एवढासा पोट्टा, दिवसभर बसून राह्यते, त्याले एक पुरते. मी चुलीपुढं उभी राह्यते, मले दोन तं पाह्यजेत. सकाळी दोन, सांजच्याले दोन. पहिल्या दिवशी काही नाई. मले वाटलं, अशीच फुसकी हाय. मंग काल अंकुशसंग बाजारात आली होती, आनखी आंबे घ्याले — सकाळपासूनच पोटात गुडगुड होती, पन मी कोनाले म्हनलं नाई. आन् घरी जातानी आटोतच — काय सांगू तुमाले. आटोवाला भला मानूस, नाल्यापाशी थांबला, पाठ करून बिडी पेत उभा राह्यला. तवापासून जे सुरू झालं ते झालं. सकाळी उठाले गेली तं डोळ्यापुढं अंधारी. अंकितानं रडून घर डोक्यावर घेतलं. आन् दवाखान्यात आनलं कोनं? जवाईनं. उचलून गाडीत ठेवलं, जसं पोतं.

आता समजलं तुमाले माहं दुखनं? ढाळाचं काही नाई, ते सलाईननं जाते. दुखनं हे हाय — एकाच घरात, एकाच चुलीवरचं, दोघांनं खाल्लं. ज्यानं गोळी घेतली त्याले काही झालं नाई. जिनं घेतली नाई, ते खाटंवर. असंच दिसते ना वरून? तो रस्त्यानं गाडीत तेच सांगत होता अंकिताले, हळूच, मले वाटलं झोपली म्हनून — मी म्हणत होतो ना, आजींना पण द्यायला पाहिजे होती. आन् अंकिता म्हनते, हो रे. हो रे म्हनली. म्हनजे माहं पुरन, माहा रस, माही पाटोडी — सारं नासलं एका हो रे मदी. पुढच्या खेपेले ते येतीन तं अंकिता पानी बी बाटलीचं पेईन माह्या घरात. लेकरू झालं तं त्याले माह्या हातचा घास नाई देनार.

आन् खरं सांगावं तं तेही जमत नाई. जवाईच्या खिशात हात घातला, असं सांगू? धोंड्याच्या महिन्यात? कमला मले घरात ठेवीन, पन बोलनार नाई. आन् मघाशी तो डॉक्टर जवाईले काय म्हनत होता ते मी आयकलं — डोळे बंद होते, कान नाई — का असल्या गोळ्या उगाच कोनी खाऊ नये, खरंच पोट बिघडन तवा डॉक्टरले इचारून घ्याव्या, नाई तं त्याइनंच पोट सुटते. चांगले जंतू, वाईट जंतू, सारे एकदम मरतात म्हने. आता मले काय माहीत का पोटात चांगले बी असतात. मले इचारलं त्यानं, आजी, काही गोळीबिळी घेतली काय? मी म्हनलं, आमी खेड्यातली मानसं, आमाले गोळ्या कुठं माहीत.

म्हनून मी सकाळपासून इचार करून राह्यली, का दोन्हीकडून सुटाचं तं तिसरीकडं बोट दाखवा लागते. घरचं नाई, गोळी नाई — मंग बाहेरचं. गुपचुप. काल बाजारात होतीच मी. आन् मी एकटीच सांगीन तं अंकुश म्हनन, आई, तुले दात कुठं हाय गुपचुप खाले, तू माह्यासंगच तं होती. पन तुमच्यासारखी चांगल्या घरची बाई म्हनन का मी बी खाल्ले, आन् अंकुश आंबेवाल्यासंग भाव करत होता तवा खाल्ले, तं कोन नाई म्हनीन. ठेला बी मी ठरवून ठेवला. बाजाराच्या तोंडाशीच, लाल कापडाचा, माहीत असन तुमाले. काल पाह्यलं मी जातानी. ते हिरवं पानी, मायबाई — त्याचा रंगच पाहून पोट धरावं मानसानं. काय घोळते त्यात कोन जाने. मी तं सांगीन का डबक्यातलं पानी असन, हात बुडवून बुडवून देते तो, नखं पाह्यली काय त्याची, आन् पुऱ्या शिळ्या, तेल तं जसं गाडीतलं काढलेलं. असं घोळून घोळून सांगीन का जवाई पुन्यालेही गुपचुप नाई खानार. एका ठेल्याचं काय जाते वं, त्याले लोकं रोजच बोलतात —

काऊन? काय झालं?

उठल्या काऊन तुमी? हात दुखून राह्यला काय? अवं, तोंड काऊन असं केलं, मी काय वाईट — थांबा. थांबा वं बाई. तेल उडालं म्हनल्या तुमी. पुऱ्या तळत होत्या? आन् हा पुदिना. पाहुने नाई तं घरी.

तुमचा पोरगा हाय काय तो. लाल कापडाचा.

बसा. नाई, बसा तुमी, मी हात जोडते, एक हात सुईत हाय म्हनून एकाच हातानं जोडते. मी बोलली ते बोलली. काय म्हनता? पानी उकळून? रोज? थंडं करून माठात, आन् माठ कोन घासते — तुमी. पुदिना तीनदा धुता. हं. पुरीले कनीक तुमीच भिजवता, सुनेले हात लावू देत नाई. हो, ते तं मीही नाई लावू देत. आन् आजवर कोनाचं पोट नाई दुखलं. कोनाचंच नाई. नाई वं बाई, खोटं कशाले बोलसान तुमी. मले समजते ना. मी काल त्या ठेल्यावर खाल्लं नाई, पान्यात बोट बी बुडवलं नाई, आन् इथं पडल्या पडल्या त्याचं डबकं करून टाकलं. जवाईनं तं माह्या तोंडावर काही म्हनलं बी नाई. मी तं त्याच्याही पुढं गेली.

नाई घेत नाव. गळ्याची शपथ, नाई घेत. रडू नका, लोकं पाहतीन तं म्हनतीन सलाईनवालीच्या आधी हेच गेली. ते पाहा, आला तो. डोळे पुसा. काही बोलू नका. मीही काही बोलत नाई.

या, जवाईबापू. बसा. आता बरं हाय, थोडं. ह्या बाई? ह्या इथल्याच, हात पोळला त्याईचा. काय म्हनते डॉक्टर? बाहेरचं काय खाल्लं ते इचारते?

बाहेरचं.

नाई जवाईबापू. बाहेरचं काही नाई खाल्लं मी. अंकुशसंगच होती, इचारा त्याले. घरचंच खाल्लं. हो. माह्याच हातचं. रस, पाटोडी, सारं माह्याच हातचं. लिहू द्या डॉक्टरले तसंच. म्हातारपन हाय, हात चालत नाई आता पह्यल्यासारखा, एखांद्या वेळी राहून जाते काही.

हो, तुमी म्हनत होतेच. हो, गाडीत बी म्हनत होते. तुमच्या डबीनं वाचले तुमी. खरं हाय. पुढच्या टायमाले मीही घेईन.

आता ते डबी कायले काढून राह्यले, जवाईबापू? ह्या बाईले कायले, त्याईचा हात पोळला, पोट नाई. दवाखान्यात बसल्या म्हनून? आजाऱ्याच्या खाटंवर बसल्या म्हनून, व्हय. भला मानूस हाय वं माहा जवाई, पाहा बाई, साऱ्याची काळजी करते. घ्या. घ्या ना, इतक्या प्रेमानं देऊन राह्यले. माह्याकडं काय पाह्यता? भेऊ नका, काही होत नाई त्यानं, हाडाची गोळी हाय ते, मी रोज सकाळी —

जा वं बाई तुमी. तुमचा नंबर आला वाटते.

नाई आला? तरी जा.